गिरजाबाईचा कुटलेला विडा

गणपतीची सोंड डावीकडे की उजवीकडे, हे गिऱ्हाईक ठरवतं. माणसाचं नाक कसं काढायचं, हे मात्र मी ठरवते. हमरापुरात माझा कारखाना आहे. गणपती तर आम्ही करतोच, सगळं गावच करतं, पण मी माणसांचे पुतळेही करते. कुणाचे वडील, कुणाचे गुरुजी, कुठल्या पतपेढीचे संस्थापक. एकच अट असते. फोटो आणा. फोटो नसेल तर मी काम घेत नाही. उगाच कुणाच्या बापाला भलतंच नाक लावायचं आणि मग सात जन्म त्याच्या पोरांच्या शिव्या खायच्या, हे धंदे मला जमत नाहीत.

म्हणून पौषात माझ्या माहेरचे हैबतकाका कारखान्यात आले आणि "अनिता, आपली गिरजाबाय करायची हाय," म्हणाले, तेव्हा मी सवयीनं फोटो मागितला.

"डोकं ठिकाणावर हाय ना तुझं?" काका म्हणाले. "गिरजाबायचा फोटो?"

मलाही हसू आलं. गिरजाबाईच्या काळात आमच्या भागात कॅमेरा तर सोडाच, धड रस्तादेखील नव्हता. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, आमचं गावच नव्हतं.

तिवरखार हे माझं माहेर. वडखळच्या नाक्यावरून खाडीच्या अंगाला उतरलं की लागतं. आज तिथं भाताची खाचरं आहेत, शाळा आहे, मोबाइलचा टॉवर आहे. पण मुळात तिथं जमीनच नव्हती. चिखल होता, तिवरांचं रान होतं आणि दिवसातून दोनदा आत शिरणारी खाडी होती. माणसांनी मातीचा लांबलचक बांध घातला, खाडीला बाहेर ठेवलं, चार पावसाळे आतला खार धुऊन जायची वाट बघितली आणि मग भात लावलं. हे काम दोन प्रकारच्या माणसांनी मिळून केलं. हैबतकाकांचे पूर्वज रोह्याकडचे, खांब गावच्या बाजूचे, पिढ्यान्‌पिढ्या भात आणि वाल करणारे. त्यांच्या मूळपुरुषानं सरकारातून जमीन मिळवली. आमचे पूर्वज खाडीचेच, मिठागरात राबणारे. त्यांनी चिखल वाहिला. आता दोन्हीकडची घरं एका आळीत आहेत आणि एकमेकांच्या लग्नात पंगतीला वाढतात.

गाव कसं वसलं याची एक कथा आहे. ती आमच्याकडच्या पोराला बाराखडीच्या आधी येते. सगळा बांध पुरा झाला, पण मधली खांड काही बुजेना. बांध फुटून खाडी जिथून आत घुसते त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. दर वेळी माती टाकायची आणि दर वेळी पाण्यानं ती धुऊन न्यायची. शेवटी हैबतकाकांच्या मूळपुरुषाला स्वप्नात दृष्टांत झाला की घरची लक्ष्मी दे, मग बांध राहील. घरात नवी सून होती, गिरजाबाई. हिरवं लुगडं नेसून, ओटी घेऊन, ती पुनवेच्या दिवशी आपल्या पायांनी खांडीत उतरली. लोकांनी रडत रडत तिच्यावर माती टाकली आणि बांध उभा राहिला. त्या जागी बांधावर शेंदूर लावलेला दगड आहे. आजारी पोरं तिथं नेतात, नवी नवरी तिथं पाया पडते.

"आता सरकारी बांध येतोय," हैबतकाका म्हणाले. "शिमेटचा. आपला मातीचा बांध त्याच्या पोटात जाणार. दगड पण जाणार. आपली माणसं इथं कशी आयली, काय सोसलं, ते नंतरच्या पोरांना कोण सांगंल? म्हणून मंडळानं ठरवलंय. नव्या बांधावर चौथरा, चौथऱ्यावर गिरजाबाय, खाली कोरीव पाटी. फायबरची कर, म्हणजे खाऱ्या वाऱ्यात टिकंल. कंबरेपर्यंत पाण्यात, हात जोडलेले, डोळे मिटलेले. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

हैबतकाका मंडळाचे अध्यक्ष. माणूस हट्टी, पण मनाचा साफ. गावाच्या कामात स्वतःचा ट्रॅक्टर बिनबोभाट घालणारा. माझ्या माहेरचं काम, तेही गिरजाबाईचं. मी लगेच हो म्हटलं.

शाडूत नमुना करायला घेतला. खोटं कशाला बोलू, चेहरा फार सुंदर झाला. कोवळे गाल, भरलेले ओठ, मिटलेल्या पापण्या. कारखान्यातली पोरं येता-जाता थांबून बघायची. हे काम मला येतं आणि ते मला ठाऊक आहे, त्यात लाजायचं काय? आणि एक गोष्ट या धंद्यात मी पक्की शिकले आहे. पुतळा एकदा उभा राहिला की खरं माणूस मागं पडतं. पुढच्या पोरांना तोच चेहरा, तेच नाक. त्यांच्या लेखी मग दुसरं काही घडलेलंच नसतं.

नमुना होत आला होता तेव्हा सगुणाकाकी आली. सगुणाकाकी माझी सख्खी चुलती. अख्खं आयुष्य मिठागरात गेलं तिचं. तोंड असं की मिठागराचा मुकादमसुद्धा तिचं काम आटपेपर्यंत दुसऱ्या टोकाला उभा राहायचा. माझा चुलतभाऊ अमोल रोह्याला कंपनीत आहे. शिफ्टला जायच्या आधी त्यानं तिला मोटारसायकलवरून माझ्याकडे सोडलं आणि तो निघून गेला. काकीनं कास्टा सावरला, चष्मा पुसला आणि नमुन्याभोवती एक फेरी मारली.

"ही कोन गो?"

"गिरजाबाय, काकी."

"डोले का मिटलेन?"

"बुडतेय ना ती."

"बुरली नाय ती," काकी म्हणाली. "किती येला सांगू? ती बुरली नाय."

हे काकी पहिल्यापासून म्हणायची. गिरजाबाय बुडली नाही, ती हैबतच्या घरातली नव्हेच, ती आपल्या घरातली, आपण तिची पोरं. आम्ही हसायचो. गावही हसायचं. देवी आपल्या घरची असावी असं कुणाला वाटत नाही? आणि बाई बुडली नाही तर बांध राहिला कसा, हे काकीला विचारलं की ती इतकी चिडायची की पुढचं सांगणं शिव्यांतच वाहून जायचं. मीही तिला तेव्हा म्हटलं, "असू दे काकी, बस, चहा टाकते."

ती बसली. कमरेची पानाची चंची काढली, तिच्यातून पितळेचा लहानसा खलबत्ता काढला आणि पान कुटायला लागली. तिला आता एकही दात नाही. मी चहा घेऊन आले तर ती नमुन्यासमोर उभी. बोटानं तिनं गिरजाबाईचे ओठ चाचपले. शाडू ओली होती, बोटाचा ठसा उठला.

"हिला दात दिलेस तू," काकी म्हणाली.

"तोंड मिटलेलं आहे, काकी. दात कुठं काढलेत मी?"

"ओठ भरलेले हायेत. म्हंजे आत दात हायेत. हिला जर दात व्हते, त मंग मी बांधावर पान कुटतंय कोनासाठी?"

मी चहा खाली ठेवला.

आमच्या घराची एक रीत आहे. दर चैत्रात, बांध भरायला घ्यायच्या आधी, चिखलाचा पहिला गोळा आमच्या घरच्या बाईनं ठेवायचा. त्याशिवाय कुणी मातीला हात लावत नाही. आणि गोळा ठेवायच्या आधी गिरजाबाईच्या दगडावर विडा ठेवायचा. गावातली बाकीची घरं अख्खा विडा ठेवतात, पान, सुपारी आणि वर हळदीकुंकू, देवाला ठेवतात तसा. आमच्या घरचा विडा मात्र कुटलेला. तिथं बांधावर बसून, खलबत्त्यात कुटून, लाल लगदा करून ठेवायचा. आजी ठेवायची, मग काकी ठेवायला लागली. गाव म्हणतं, त्या घराची खोड आहे. मी लहानपणापासून ते बघत आले होते आणि त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

कोवळ्या सुनेला पान कुटून कोण देतं? पान कुटायचं ते दात पडलेल्या म्हातारीला. एवढी साधी गोष्ट.

"बस काकी," मी म्हटलं. "शिव्या न देता पहिल्यापासून सांग."

शिव्या तिनं दिल्याच, पण सांगितलंही. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. खांड बुजवायचा दिवस हैबतच्या मूळपुरुषानं पंचांग बघून काढला. रोह्याकडची माणसं, डोंगराच्या पाण्यावर शेती करणारी. शुभ काम म्हणजे पुनव, असा त्यांचा हिशेब. आणि पुनवेला खाडीला उधाण येतं. माती टाकली की गेली. पुढच्या पुनवेला परत तेच. गिरजाबाय मिठागरातली बाई. तिला भरती-ओहोटी घरच्यासारखी माहीत. ती ओरडून सांगत होती की अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी मवाळ असतं, तेव्हा बांधा. तिचं कोण ऐकतो?

"मंग तिसऱ्या पुनवेला ती खांडीत जाऊन हुभी रायली," काकी म्हणाली. "कंबरभर पान्यात. बोलली, आज मी बांधू देनार नाय. बांधायचीच असंल त माझ्यावर माती टाका नि बांधा. पुरुषांच्या हातांत मातीचे टोपले. कोनाची छाती झाली नाय. टोपले खाली ठेवले. ती चिंब हून घरी आयली, भाकर खाल्ली. नवमीला सगल्यांनी खांड बांधली. तो बांध आजून हाय."

"आणि ती?"

"ती काय? तिला पोरं झाली, नातवंडं झाली. दात परले. रोज संध्याकाली बांधावर पाय पसरून बसायची नि येनाऱ्या-जानाऱ्याला शिव्या घालायची. सून पान कुटून द्यायची. मेल्यावर तिथंच दगड ठेवला."

काकीनं खलबत्ता चंचीत ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अनिता, तू हिला बुरवून हुभी केलीस का आमचं घर खोटं परलं. बुरलेल्या बायला पोरं कुठून व्हनार? मंग आमी कोन? आमची भाविका आताच इचारते, आय, अख्खा विडा ठेवला त काय बिघरतंय? उद्या हा पुतला बघंल, का तो खलबत्ता माल्यावर टाकंल. मी मेल्यावर गिरजाबाय दुसऱ्यांदा मरनार हाय."

भाविका म्हणजे अमोलची बायको, काकीची सून. मला रडू आलं आणि रागही आला. कथेचा राग आला. माझ्या पणजीच्या पणजीला लोकांनी देवी केलं होतं, आणि तिच्या तोंडातला शब्द तेवढा काढून घेतला होता. मी माती कापायची तार घेतली आणि तो सुंदर चेहरा काकीसमोर कापून काढला. पोरं हळहळली. मला काही वाटलं नाही.

नवी गिरजाबाई मी बसवली. बांधावर बसलेली, पाय पसरलेले, कास्टा गुडघ्यापर्यंत, एका गालात विडा, तोंड उघडं. कुणाला तरी काहीतरी सुनावून नुकतीच हसायला लागलेली. आत एकही दात नाही. फोटो नव्हताच, पण जबडा आमच्या घरात होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मला आरसा लागलाच. तो पुढ्यात ठेवून मी माझ्या बापाची हनुवटी माझ्या चेहऱ्यावरून उचलली.

हैबतकाका बघायला आले ते उत्साहात. नमुना बघून दारातच थांबले.

"ही कोण?"

"गिरजाबाय."

"ही म्हातारी?"

"म्हातारी झाली होती ती, काका."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते प्लास्टरच्या पोत्यावर बसून ऐकत होते. मला वाटलं होतं भडकतील. त्यांचा आवाज उलट खाली आला.

"मी लहानपणी तापानं फणफणलो व्हतो," ते म्हणाले. "माझी आय मला कडेवर घेऊन त्या दगडापाशी गेली. रात न दिस रडली. बोलायची, हैबत, ही बाय मेली म्हणून आपण जिते हाव. आजही मी तिथं गेलो का माझ्या डोळ्यांत पाणी येतं. आणि तू बोलतेस, तिनं घरी जाऊन भाकर खाल्ली?"

"खाल्ली. आणि पुढं पुष्कळ वर्षं खाल्ली."

"पुरावा काय?"

"पान. आमच्या घरातला कुटलेला विडा."

"ती तुमच्या घराची खोड हाय."

"बरं. मग मला एक सांगा. कथेत ती खांडीत कधी उतरली?"

"पुनवेला. शेंबड्या पोराला म्हायती हाय."

"आणि त्याच दिवशी खांड बांधली."

"व्हय."

"दोन वर्षांमागं पाणी सोडायच्या उघाडीशेजारी खांड गेली होती, ती तुम्ही उभं राहून बांधून घेतलीत. कधी बांधलीत?"

"नवमीला. भांग बघून."

"पुनवेला का नाही?"

"पुनवेला? उधाणात?" काका हसलेच. "येडा हाय का मी? पुनवेला टाकलेली माती संध्याकाळपर्यंत धरमतरच्या पार..."

आणि तिथं ते थांबले. जन्मभर खारेपाटात शेती केलेला माणूस. कथा तोंडपाठ होती, भरती-ओहोटी अंगात होती, पण दोन्ही गोष्टी कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या. मला त्यांची दया आली. त्यांच्या आईचं रडणं खोटं नव्हतं ना.

ते उठले. नमुन्याजवळ गेले, पण हात लावला नाही.

"बलिदान नाय, तर गावाला सांगायचं काय?" ते म्हणाले.

"की एक बाई होती आणि तिला कळत होतं."

"पुतळा झाकून आण," एवढंच म्हणून ते गेले. उघडणार की नाही, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. साचा घेतला, फायबर ओतलं, रंग दिला. डोळ्यांची आखणी मी नेहमी शेवटी करते. तिचे डोळे मी उघडे काढले.

चैत्रातली बांधाची पूजा सकाळी असते. दिवस भांगाचा धरतात. खाडी दूर गेलेली, चिखल चकाकत होता, बांधावर सगळं गाव. घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन उभं होतं. सरकारी बांधाचं काम पावसाळ्यानंतर सुरू होणार असलं तरी हा पावसाळा जुन्याच बांधाला काढायचा होता. दगडाशेजारी नवा बांध होईपर्यंतचा तात्पुरता चौथरा, चौथऱ्यावर पांढऱ्या फडक्याखाली माझी गिरजाबाई. बायका ताटांत हिरव्या बांगड्या, खण, नारळ घेऊन आल्या होत्या.

हैबतकाकांनी नारळ फोडला आणि बोलायला उभे राहिले. दर वर्षी ते कथा सांगतात. "आपली माणसं इथं आयली तेव्हा इथं काय नव्हतं," अशी त्यांनी सुरुवात केली, खांड सांगितली, वाहून गेलेली माती सांगितली आणि मग थांबले. फडक्याकडे बघितलं. पण हात पुढं केला नाही.

"आधी गोळा ठेवून घ्या, काकी," ते सगुणाकाकीला म्हणाले. "नंतर बघू."

काकी दगडापाशी बसली होती. समोर चिखलाचा गोळा तयार होता. ती जागची हलली नाही.

"आधी फडकं बाजूला कर, हैबत."

"काकी, लोक खोळंबलेत."

"ही जर बुरलेली असंल, त माझा हात कशाला पायजे तुला? बुरलेल्या बायला घर नसतंय. दुसरं कोन बघ नि त्याच्याकरून गोला ठेव."

पहिला गोळा पडल्याशिवाय कुणी माती टाकणार नव्हतं, आणि भांगाचे दिवस काही कुणासाठी थांबत नाहीत. मागं कुजबुज सुरू झाली. भाविका काकीच्या कानाशी लागून "आय, ठेव ना, लोक बघतायत," म्हणाली. काकीनं तिच्याकडे बघितलंही नाही. हे घर, ही रीत, तिची सासू, सासूची सासू, सगळं तिनं त्या एका गोळ्यावर लावलं होतं. मी पुढं होऊन फडकं ओढायला निघाले, पण थांबले. ते काम माझं नव्हतं.

हैबतकाका खाडीकडे बघत उभे होते. मग वळले आणि फावडीवाल्यांना मोठ्यानं म्हणाले, "काय रे, खांड पुनवेला बांधतात काय?"

"नाय!" चार-पाच जण एकदम हसले. "पुनवेला कोण बांधतो?"

"मग आपण इतकी वर्सं काय सांगतोय?"

हसू थांबलं. काका म्हणाले, "आमचेच व्हते, पुनवेसाठी अडून बसलेले. ही बाय त्यांना नाय बोलली. पान्यात हुभी राहून नाय बोलली." आणि त्यांनी फडकं ओढलं.

सगळे हात जोडून तयार होते आणि समोर एक बोळकी म्हातारी पाय पसरून हसत बसली होती. बायकांच्या ताटांतल्या हिरव्या बांगड्या ताटांतच राहिल्या. मग मागून एक म्हातारी पदर तोंडाला लावून खुसखुसली. "गो बाय," ती म्हणाली, "हिला पन माज्यावानी दात नाय!" आणि बायकांत हसू पसरलं, ते पुरुषांपर्यंत गेलं. त्या हसण्यात टिंगल नव्हती. ओळख पटल्यावर माणसं हसतात तसं ते होतं.

"पाटीवर काय लिहायचं?" मी काकांना विचारलं.

"लिव," ते म्हणाले. "गिरजाबाई. हिनं पुनवेला खांड बांधू दिली नाही."

काकीनं चंची काढली. पान, सुपारी, कात खलबत्त्यात टाकला आणि कुटायला घेतलं. तो आवाज गावानं कितीदा ऐकला असेल. आज सगळे तो ऐकत होते. थोडं कुटून झाल्यावर भाविकानं न बोलता सासूच्या हातातून खलबत्ता घेतला आणि मांडी घालून बसली. काकीनं दिला. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

तेवढ्यात हैबतकाका जड गुडघ्यांनी खाली बसले. अध्यक्षांचा पांढरा लेंगा थेट चिखलात. त्यांनी भाविकापुढं हात केला. "दे, मी कुटतो," म्हणाले. "आमच्या घरानं तिचं आयकलं नाय कधी." ते कुटायला लागले. हात सवयीचा नव्हता, सुपारी सारखी बाहेर उडत होती. डोळ्यांत पाणी होतंच, पण ते आईच्या वेळचं नव्हतं. चुन्याची डबी उघडून त्यांनी बोटावर चुना घेतला आणि काकीकडे बघितलं.

"चुना किती घालू, काकी?"

"बेतानं घाल," काकी म्हणाली. "तिचं तोंड भाजतंय."